कोळशाची धूळ पेटते तेव्हा

शेगडीत टाकलेला कोळसा आधी धुमसतो, मग लाल होतो आणि तास-दीड तास मंद जळत राहतो. स्फोट काही होत नाही. मग त्याच कोळशाच्या खाणीत क्षणभरात शेकडो माणसे कशी मरतात? २८ मे १९६५ रोजी तेव्हाच्या बिहारमधल्या, आजच्या झारखंडातल्या धोरी खाणीत स्फोट झाला आणि २६८ कामगार गेले. आत नेमके काय घडले हे सांगायला जवळचा कोणी उरत नाही, ही अशा स्फोटांची मोठी अडचण.

घोडेगावात कोळशाची खाण नाही, मग हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. एक तर आपले कितीतरी पाहुणे चंद्रपूर, घुग्घुस, वणीकडे खाणीत आहेत. दुसरे म्हणजे वस्तीतली पोरं चाकणच्या कारखान्यांत धुळीत उभी राहून काम करतात, आणि फुटणारी धूळ कोळशाचीच असावी लागते असे नाही.

आधी धूळ का फुटते ते पाहू. एक सेंटिमीटरचा कोळशाचा चौकोनी खडा घ्या. हवा त्याला फक्त बाहेरून लागते. त्याचेच केसाएवढे बारीक दहा लाख कण केले, तर हवा लागणारी जागा शंभर पट होते. हे कण हवेत उधळलेले असताना ठिणगी पडली की सगळे जवळजवळ एकदम जळतात. गरम झालेली हवा फुगते, बोगद्यात तिला जायला वाट नसते, आणि दाब वाढतो. जमिनीवर पडलेली धूळ तशी निरुपद्रवी दिसते. हवेत उठली की तीच घात करते.

ती उठवतो कोण? बहुतेक वेळा मिथेन वायू. कोळशाच्या थरातून तो झिरपतो आणि हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असले की ठिणगीने भडकतो. हा पहिला भडका लहान असू शकतो. पण त्याचा धक्का बोगद्यातून पुढे धावतो, जमिनीवरची, भिंतीवरची, लाकडी टेकूंवरची धूळ उधळतो, आणि मागून येणाऱ्या ज्वाळेला आयते जळण मिळते. ती ज्वाळा नवा धक्का देते, तो आणखी पुढची धूळ उठवतो. अशी आग स्वतःच स्वतःला वाढत जाते.

यासाठी धूळ किती लागते? हवेच्या एका घनमीटरला साधारण ५० ग्रॅम कोळशाची धूळ असली तरी पुरते. चार मीटर रुंद, अडीच मीटर उंच बोगदा धरला, तर प्रत्येक मीटर लांबीला फक्त अर्धा किलो. तेवढी धूळ जमिनीवर पसरली तर थर आपल्या नखापेक्षाही पातळ होईल. एवढ्याशा धुळीकडे कोण बघतो?

काही लोकांनी फार पूर्वीच बघितले होते. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या हॅसवेल खाणीत ९५ माणसे मेली, तेव्हा चौकशीला मायकेल फॅरडे गेला होता. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, पण त्या काळातला सर्वात मोठा प्रयोगकर्ता. स्फोटात वायूबरोबर कोळशाच्या धुळीचाही हात आहे, असे त्याने आणि त्याच्या सोबत्याने तेव्हाच लिहून दिले. ते मनावर घ्यायला अनेक दशके गेली. १९०६ मध्ये फ्रान्समधल्या कूरियेर खाणीत १,०९९ माणसे मेल्यावर सरकारांचे डोळे उघडले.

मग प्रयोग सुरू झाले. जुन्या बोगद्यांत मुद्दाम धूळ पसरून ती पेटवायची आणि दाब मोजायचा. पण असा प्रयोग महाग असतो, धोक्याचा असतो, आणि प्रत्येक खाणीची वळणे वेगळी. इथे संगणक कामाला येतो.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तिथला ‘प्रत्यूष’ हा महासंगणक पावसाचा अंदाज काढण्यासाठी आणला होता. हवेचे चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातली उष्णता, दाब, वारा, ओल यांचे गणित मांडायचे, आणि थोड्या वेळाने शेजारच्या तुकड्यात काय जाईल ते काढत राहायचे. खाणीच्या स्फोटाचे गणित याच जातीचे आहे. फरक मापाचा. पावसासाठी तुकडा काही किलोमीटरचा असतो, बोगद्यासाठी वितीएवढा किंवा त्याहून लहान. पावसात काही मिनिटांची पावले टाकली तरी चालतात, स्फोटात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान पावले टाकावी लागतात. प्रत्येक तुकड्यात किती धूळ आहे, कण केवढे आहेत, तापल्यावर त्यातून किती जळाऊ वायू निघतो, हे सगळे आधी भरून द्यावे लागते.

मग जे डोळ्यांना कधीच दिसले नसते ते पडद्यावर दिसते. धक्का पुढे आणि ज्वाळा मागे, असा क्रम दिसतो. टेकू, वाघिणी, पट्टा असे अडथळे आले की हवा घुसळते आणि ज्वाळेचा वेग वाढतो, हेही दिसते. आणि मुख्य म्हणजे, उपाय संगणकात आधी करून बघता येतो. चुनखडीची भुकटी कोळशाच्या धुळीत मिसळली तर ती उष्णता पिऊन घेते आणि आग पुढे सरकत नाही. किती मिसळायची? २०१० मध्ये अमेरिकेत अपर बिग ब्रँच खाणीत २९ कामगार मेले. त्याच वर्षी तिथे नियम कडक झाला: खाली पडलेल्या धुळीत न जळणारा भाग किमान ८० टक्के हवा.

संगणकावर आंधळा विश्वास मात्र नको. धूळ सगळीकडे सारखी पसरली आहे असे धरून गणित केले आणि प्रत्यक्षात ती एका कोपऱ्यात साचलेली असली, तर उत्तर चुकणारच. म्हणून खऱ्या बोगद्यातल्या प्रयोगांशी ते ताडून पाहावेच लागते. आणि पडद्यावर भुकटी टाकल्याने खाणीत ती पडत नाही. ती टाकायला माणूस लागतो आणि पैसे लागतात.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा भागात गेले, स्वतः खाणीत उतरले. पुढच्याच वर्षी कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी आला. कागदावरून खाण समजत नाही हे त्यांना ठाऊक होते.

स्फोटात सगळेच जळून मरतात असेही नाही. धूळ अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. ज्वाळेपासून लांब असलेला कामगार यानेच जातो, म्हणून धूर कोणत्या बोगद्याने कुठे जाईल हेही संगणकात पाहतात. हाच वायू आपल्या शेगडीतूनही निघतो. थंडीत दार-खिडकी बंद करून पेटती शेगडी खोलीत ठेवून झोपू नका. डोके जड झाले, मळमळले, तर आधी माणसाला उघड्या हवेत आणा, मग दवाखाना.

आता चाकणची गोष्ट. ३० जुलै २०१४ ला आपल्या तालुक्यात माळीण दरडीखाली गेले. त्याच आठवड्यात, २ ऑगस्टला, चीनमधल्या कुनशान इथे गाडीच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात अॅल्युमिनियमची धूळ फुटली. अखेर मृतांचा आकडा १४६ वर गेला. धूळ वेगळी होती, गणित तेच: साचलेली, बारीक, मग उठलेली.

पॉलिश, लाकूड, साखर, पीठ, कोळसा, कुठल्याही धुळीत काम असेल तर कॉम्प्रेसरच्या हवेने सफाई करू नका. त्यानेच ढग उठतो. कोरड्या झाडूने जोरात झाडणेही तसेच. धूळ ओढून घेणारे यंत्र मागा, आणि पंख्याच्या पात्यांवर, तुळयांवर, दिव्यांच्या वर काय साचले आहे ते बघा. अॅल्युमिनियमच्या धुळीवर मात्र पाणी मारू नका, त्यातून जळणारा वायू निघतो. ऐकले नाही तर कारखान्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे पुण्यातले कार्यालय आहे. खाणीतल्या पाहुण्यांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालय, नागपूर. अर्ज साध्या कागदावर, मराठीत लिहिला तरी चालतो. चौघांच्या सह्या घ्या आणि पोच मागून ठेवा.