पंप सोडला तरच दाद?

अमेरिकेतला पंपचालक बहुधा तीन धाग्यांनी कंपनीशी बांधलेला असतो: जागेचा भाडेकरार, इंधनपुरवठा आणि कंपनीचे बोधचिन्ह वापरण्याचा परवाना. हे नाते कंपनीने मनमानीने तोडू नये म्हणून १९७८ मध्ये केंद्रीय कायदा झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या शेलच्या पंपचालकांना पेट्रोलविक्रीनुसार भाड्यात सूट मिळे. २००० मध्ये ती बंद झाली आणि त्यांनी कोर्ट गाठले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: पंप चालूच असेल, तर करार तोडला म्हणता येत नाही. निषेध नोंदवून नव्या करारावर सही केली, तरी नूतनीकरण नाकारल्याची तक्रार टिकत नाही. पोटापाण्यासाठी पंप चालू ठेवणाऱ्यावर हा अन्यायच आहे. राज्याच्या करारकायद्याखाली दाद मागण्याची वाट मात्र खुली राहिली.