कवटीतलं मुंबई–पुणे

तुंगार्ली धरणाकडून लोणावळ्यात उतरताना निसरडा दगड चुकवायला आपण नजर खाली वळवतो. एवढ्याशा कामात मदत करायला प्रत्येक डोळ्याला एक स्वतंत्र नस आहे! मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्यांपैकी ही चौथी, ट्रॉक्लिअर. सगळ्यांत बारीक. तंतू जेमतेम दोन-अडीच हजार.

एका तंतूला एक रुपया असा हिशेब लावू या. नाणं पावणेचार ग्रॅमचं धरलं, तर ट्रॉक्लिअरची नाणी नऊ किलोच्या आसपास भरतील. पिशवीत घालून उचलता येतील. चेहऱ्याची सातवी नस दहा हजारांची. हसणं, डोळे मिटणं, शीळ घालणं, सगळं तेवढ्यात. कानाच्या आठवीतली ऐकण्याची फांदी तीस हजारांची. आणि दृष्टीची दुसरी? सुमारे 12 लाखांची! तीही एकाच डोळ्याची! वजन साडेचार टन. दोन्ही डोळ्यांचे मिळून नऊ टन, म्हणजे ट्रकच बोलवायला हवा. आणि एवढे तंतू मावतात कशात? जेमतेम चार मिलिमीटर जाडीत!

दहावी नस व्हेगस. ही तर कवटीत थांबतच नाही. मान, छाती ओलांडून थेट पोटात उतरते. हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं, तर ते मिनिटाला शंभरेक ठोके देईल. व्हेगस त्याला सत्तरच्या आसपास आणते. मिनिटाला 30 ठोके वाचले. दिवसाला 43,200. वर्षाला दीड कोटीच्या वर! लोणावळ्यात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. योगात सावकाश श्वास सोडताना नाडी मंदावते, त्यामागे हीच नस. हिचे बहुतेक तंतू मात्र संथ, सेकंदाला मीटरभर चालणारे. रेल्वेने मुंबई–पुणे 192 किलोमीटर. या चालीने 53 तास लागतील! शरीरातले वेगवान तंतू हेच अंतर 32 मिनिटांत कापतील.

आता डोळ्यांच्या मागे चला. खंडाळ्याच्या घाटात रेल्वे, जुना रस्ता आणि एक्सप्रेस वे जसे एकमेकांना खेटून जातात, तशी इथे जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीची जागा आहे. अशुद्ध रक्ताचा एक कप्पाच तो. मधून मेंदूकडे निघालेली मोठी धमनी जाते. तिला बिलगून सहावी नस. भिंतीतून तिसरी, चौथी आणि पाचवीच्या दोन फांद्या. मला तर संपूर्ण शरीरात याहून गजबजलेला नाका दुसरा दिसत नाही.

अशा एकूण चार धमन्या मेंदूला रक्त पुरवतात. मिनिटाला सुमारे पाऊण लिटर. दिवसाला 1,080 लिटर! वर्षाला 3 लाख 94 हजार लिटर! सहा मीटर रुंद आणि 14 मीटर खोल विहीर काठोकाठ भरेल. सत्तरी गाठलेल्या माणसाच्या अशा 70 विहिरी झाल्या. आणि अंगात रक्त असतं किती? पाच लिटर. तेच पुन्हा पुन्हा फिरतं.

हे रक्त पोचतं केसाहून बारीक वाहिन्यांमधून. मेंदूतल्या या सगळ्या वाहिन्या एकापुढे एक ठेवल्या, तर लांबी सुमारे 640 किलोमीटर भरते. मुंबईहून निघा, पुणे गाठा, परत मुंबईला या, पुन्हा पुण्याला जा, आणि तिथून मागे फिरून 64 किलोमीटरवर उतरा. कुठे आलात? लोणावळ्यात!

थांबा, तंतू राहिलेच. मेंदूच्या पांढऱ्या भागात आवरण असलेले तंतू आहेत. विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतल्या या तंतूंची एकत्र लांबी शास्त्रज्ञांनी काढली आहे 1,76,000 किलोमीटर. बाईच्या मेंदूत 1,49,000. पृथ्वीला चार वेढे घालूनही पुरुषाचे तंतू उरतील! आणि हे सगळं जेमतेम 1.4 किलोच्या मेंदूत. डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून मुंबईला जाते, संध्याकाळी परत येते. रोज 384 किलोमीटर. एका मेंदूतले एवढे तंतू पालथे घालायला तिला 458 दिवस लागतील, आणि तेवढ्यात ती लोणावळ्यावरून 916 वेळा गेलेली असेल!