जलपाश, नौका आणि शब्द : युरोपातील अंतर्गत जलमार्गांचा परिचय

‘कालवा’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात भिजणारे शेत उभे राहते. कन्नड ‘कालुवे’शी नाते असलेला हा शब्द आपल्याकडे पाटबंधाऱ्यांच्या व्यवहारात रुजला, कालव्यातून पाणी जावयाचे, माणसांनी जावयाचे नाही. युरोपातील ज्या कालव्यांचा येथे विचार करावयाचा आहे, ते मात्र मुख्यत्वे वाहतुकीसाठी खोदलेले आहेत. हा अर्थभेद ध्यानात घेतल्याखेरीज त्यांवरील नौकाप्रवासाचे, आणि त्या प्रवासात घडलेल्या परिभाषेचे, स्वरूप कळावयाचे नाही.

१. नदी उतारावर वाहते, परंतु नौकेला चढही चढावा लागतो. हे काम जलपाश करतो. दोन दरवाजांमधील कुंडात नौका घेऊन खालचा दरवाजा मिटावयाचा व वरच्या टप्प्यातील पाणी आत सोडावयाचे, एवढीच त्याची युक्ती. मात्र प्रत्येक वेळी कुंडभर पाणी खाली जाते. दोन खोऱ्यांमधील जलविभाजक ओलांडणाऱ्या कालव्यात हे पाणी दोन्ही बाजूंना उतरते. सबब माथ्यावरील टप्प्याला सतत पाणी पुरविणे हाच अशा कालव्याचा मूळ प्रश्न होय. दक्षिण फ्रान्समधील कानाल द्यू मिदी या सुमारे २४० किलोमीटर लांबीच्या कालव्यावर पिएर-पॉल रिके याने तो सोडविला. १६६६ मध्ये राजाज्ञा झाली आणि १६८१ मध्ये कालवा खुला झाला. रिके त्याच्या आदल्या वर्षीच निवर्तला होता. समुद्रसपाटीपासून सुमारे १८९ मीटर उंचीच्या नोरूझच्या खिंडीत त्याने काळ्या पर्वतातील ओढ्यांचे पाणी आणले व त्यासाठी सें-फेरेओलचा तलाव बांधला. माथ्यावरील टप्प्यास फ्रेंचमध्ये ‘ब्येफ द पार्ताझ’, म्हणजे ‘वाटणीचा टप्पा’, म्हणतात. पाण्याची वाटणी येथे होते, हे त्या नावातच आले आहे.

२. जलपाशाचा वाचक शब्दही तितकाच उद्बोधक आहे. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘एक्स्क्लूसा’, म्हणजे ‘बाहेर अडविलेले (पाणी)’, यापासून फ्रेंच ‘एक्लूझ’ व स्पॅनिश ‘एस्क्लूसा’ हे शब्द आले. जुन्या फ्रेंचमधून तो डच भाषेत ‘स्लॉइस’ झाला, जर्मनमध्ये ‘श्लॉयझ’ आणि रशियनमध्ये ‘श्ल्यूझ’. इंग्रजीत मात्र ‘स्लूस’चा अर्थ पाणी सोडण्याच्या झडपेपुरता संकोचला व कुंडासाठी ‘लॉक’ हा देशी शब्द योजला गेला. इटालियनने ‘कोंका’, म्हणजे शिंपला किंवा पात्र, हा शब्द स्वीकारला. एका भाषेने पाणी अडविण्याची क्रिया पाहिली, दुसरीने पात्राचा आकार.

दिशावाचक शब्दांचेही तसेच. ‘आमों’ म्हणजे पर्वताकडे, ‘आव्हाल’ म्हणजे दरीकडे; त्यांवरूनच वर जाणाऱ्या नौकेला ‘मोंतां’ व खाली येणाऱ्या नौकेला ‘आव्हालां’ म्हणतात. फ्रेंचमधील ‘गिळणे’ या अर्थाचे क्रियापद ‘आव्हाले’ हेही याच ‘आव्हाल’चे अपत्य, घास खाली उतरतो, तशी नौकाही. मालवाहू नौकेस ‘पेनिश’ हे नाव आहे. हा शब्द इंग्रजी ‘पिनस’वरून आला, तो मूळ फ्रेंच ‘पिनास’वरून, आणि त्याच्याही मुळाशी पाइन वृक्षाचा वाचक स्पॅनिश शब्द आहे. आजची पेनिश पोलादी असली, तरी नाव लाकडाचेच राहिले आहे.

३. या नौकेचे माप कायद्याने ठरविले. १८७९ मध्ये फ्रान्सचे सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी प्रमुख जलमार्गांवरील जलपाशांचे प्रमाण निश्चित केले : लांबी सुमारे ३९ मीटर, रुंदी ५.२० मीटर. त्यास अनुसरून पेनिश ३८.५० मीटर लांब व ५.०५ मीटर रुंद बांधली जाऊ लागली. म्हणजे कुंडात शिरताना प्रत्येक बाजूस उरणारे अंतर केवळ साडेसात सेंटिमीटर! असे एक कुंड अडीच मीटर भरावयाचे, तर सुमारे ५०० घनमीटर पाणी लागते. एकच माप सर्वत्र असल्याने एकच नौका अनेक खोऱ्यांतून फिरू शकली, आणि तिच्यावर संसार थाटणारा एक समाज उभा राहिला. हा समाज इतरांस ‘जमिनीवरची माणसे’ म्हणून वेगळे ओळखतो.

४. कानाल द्यू मिदीचे मूळ जलपाश मात्र सुमारे ३० मीटरच लांब होते. ते वाढविण्याचे काम १९७० नंतर हाती घेण्यात आले, पण अपुरे राहिले. मधल्या भागात पेनिश जाऊ शकली नाही व मालवाहतूक संपली. परंतु त्यामुळेच तेथील अंडाकृती जुनी कुंडे वाचली. १९९६ मध्ये युनेस्कोने हा कालवा जागतिक वारसा म्हणून स्वीकारला, आणि आज तेथे सहलीच्या नौका फिरतात. याउलट, १९९२ मध्ये पूर्ण झालेला ऱ्हाईन-माइन-डॅन्यूब कालवा कितीतरी मोठ्या नौकांसाठी बांधलेला आहे. मोठ्या व लहान मापांच्या या स्पर्धेत लहान कालव्यांची स्थिती नाजूक आहे. माल घटला की गाळ काढणे मंदावते. खोली कमी झाली की भरलेली नौका जाऊ शकत नाही. आणि माल आणखी घटतो. २०२२ च्या अवर्षणात फ्रान्समधील काही कालवे बंद ठेवावे लागले, तेव्हा माथ्यावरील पाण्याचा रिकेचा प्रश्न पुन्हा समोर आला.

सहलीच्या नौकांमुळे दरवाजे, कुंडे व काठचे रस्ते टिकतील. पिढ्यान्‌पिढ्या नौकेवर जन्मलेल्या माणसांची बोली मात्र केवळ तेवढ्याने टिकावयाची नाही. ‘मोंतां’ आणि ‘आव्हालां’ हे शब्द नियमांच्या पुस्तकात राहतील. ते सहज उच्चारणारी कुटुंबे आहेत तोवर त्यांच्या व्यवहारभाषेचे ध्वनिमुद्रण व संकलन होणे अगत्याचे आहे. व्यवसाय-परिभाषेच्या अभ्यासकास या विषयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.