प्रसार भारती : यंत्रे नवी, कारभार जुनाच

दूरदर्शन आणि आकाशवाणी ‘सरकारी’ आहेत, असे आपण सहज बोलून जातो. कायदा मात्र तसे म्हणत नाही. संसदेने १९९० साली प्रसार भारती कायदा केला. तो सात वर्षे पडून राहिला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रसार भारती हे स्वायत्त महामंडळ अस्तित्वात आले. मधल्या काळात, १९९५ मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले होते.

या कायद्याचे कलम १२ आपल्यातील प्रत्येकाने एकदा तरी वाचावे, असे आम्हाला वाटते. माहिती, शिक्षण आणि मनोरंजन ही कामे त्यात आहेतच. पण सामाजिक न्यायाला चालना देणे, शोषण, विषमता आणि अस्पृश्यतेसारख्या कुप्रथांशी लढणे, दुर्बल घटकांचे कल्याण साधणे हेही प्रसार भारतीचे उद्दिष्ट म्हणून तिथे लिहिलेले आहे. खासगी वाहिन्यांवर हा कायदा लागू नाही. म्हणजे ही संस्था दुबळी झाली तर कुणाचे नुकसान होणार, हे उघड आहे.

सध्या आधुनिकीकरण जोरात आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बाइंड’ योजनेसाठी २,५३९.६१ कोटी रुपये मंजूर केले. आकाशवाणीचे एफएम ६८ ऐवजी ८० टक्के लोकसंख्येपर्यंत नेणे, दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागांत ८ लाखांहून अधिक फ्री डिश सेट टॉप बॉक्स वाटणे ही त्यातली उद्दिष्टे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फीच्या वेळी ‘वेव्हज’ हे ओटीटी ॲपही सुरू झाले.

फ्री डिशचे महत्त्व आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना पाहतो. महिन्याचे रिचार्ज परवडत नाही, तिथे हीच छत्री उपयोगी पडते. पण त्यावर लोक पाहतात काय? लिलावात जागा विकत घेतलेल्या खासगी वाहिन्यांच्या मालिका. छत्री सरकारी खर्चाची आणि कार्यक्रम दुसऱ्याचेच. सॅम पित्रोदा समितीने जानेवारी २०१४ च्या अहवालात याच दुखण्यावर बोट ठेवले होते. पाच वर्षांत एकूण खर्चाचा निम्मा वाटा कार्यक्रमनिर्मितीवर जावा, मालमत्ता आणि मनुष्यबळ यांचा पूर्ण ताबा प्रसार भारतीकडे द्यावा, अशा तिच्या शिफारशी होत्या.

खरी अडचण कारभारात आहे. ऑक्टोबर २००७ पूर्वी नोकरीत आलेले कर्मचारी आजही केंद्र सरकारचेच कर्मचारी मानले जातात आणि पगाराचा पैसा सरकारी अनुदानातून येतो. अध्यक्ष आणि सदस्यांची नावे सुचवणाऱ्या समितीत राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती असते. प्रेक्षकांचा कुणी प्रतिनिधी नाही, विरोधी पक्षनेता नाही. भरतीचे आणि सेवाशर्तींचे विनियम करायचे तर कलम ३३ नुसार केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. याला स्वायत्तता कसे म्हणायचे?

आणि तक्रार करायची कुठे? त्यासाठी कलम १४ मध्ये प्रसारण परिषद सांगितली आहे, तर कलम १३ मध्ये देखरेखीसाठी संसदीय समिती. दोन्ही कागदावरच राहिल्या. कलम १२ पाळले जाते की नाही, हे तपासणारी बाहेरची यंत्रणाच उभी राहिली नाही. नवे ट्रान्समीटर ही उणीव भरून काढू शकत नाहीत.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. प्रसार भारतीला माहिती अधिकार कायदा लागू आहे. अस्पृश्यता आणि सामाजिक न्याय या विषयांवर सह्याद्री वाहिनीने वर्षभरात किती कार्यक्रम केले, किती वाजता दाखवले आणि त्यावर किती खर्च केला, एवढे तीन प्रश्न अर्जात लिहायचे. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना तेही नाही.