देशभक्ती

देशभक्ती : स्वदेशाविषयीची आत्मीयता, त्याच्या हितासाठी झीज सोसण्याची तयारी आणि त्याच्या बऱ्यावाईट कृत्यांबद्दलची जबाबदारीची जाणीव या तिहींनी मिळून बनणारी भावना. राष्ट्रवाद ही मुख्यतः एक राजकीय विचारप्रणाली असून राष्ट्र आणि राज्यसंस्था यांच्या संबंधांविषयी तिचे काही निश्चित आग्रह असतात [⟶ राष्ट्रवाद]. देशभक्तीला असा सिद्धांत आवश्यक नसतो. मात्र व्यवहारात या दोहोंची अनेकदा सरमिसळ होते आणि देशभक्तीचे गुण व दोष यांची चर्चा बव्हंशी या सरमिसळीतूनच उद्‌भवते.

मराठीत ‘देश’ हा शब्द दीर्घकाळ प्रदेशवाचक होता. कोकण, खानदेश, वऱ्हाड यांहून वेगळा असा घाटावरील मुलूख म्हणजे देश, हा अर्थ अद्यापि प्रचारात आहे. मध्ययुगीन समाजात सामान्यतः निष्ठा जडलेली असे ती वतनावर. वतन राखील त्या सत्तेकडे वतनदार वळत. अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या आज्ञापत्रात वतनदारांच्या या वृत्तीविषयी राज्यकर्त्यास सावध केलेले आढळते. संपूर्ण भारत हा भक्तीचा विषय मानण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी राजवटीची प्रतिक्रिया म्हणून आणि छापखाना, रेल्वे व नवशिक्षण यांच्या साहाय्याने रुजली. दादाभाई नवरोजी यांनी मांडलेल्या संपत्तीच्या निःसारणाच्या सिद्धांताने तिला आर्थिक आशय दिला, तर लोकमान्य टिळकांनी तिला लोकचळवळीचे रूप दिले.

देशभक्तीचे सामाजिक मूल्य खानदेशाच्या इतिहासात स्पष्टपणे दिसते. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तोवर शहरांत भरणारी ही राष्ट्रीय सभा प्रथमच शेतकऱ्याच्या दारी आली. अधिवेशननगरीची सजावट नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून करण्यात आली. शेतसारा, खंड आणि कर्जबाजारीपणा या प्रश्नांचा ऊहापोह करणारा कृषिविषयक कार्यक्रम येथेच स्वीकारला गेला. देशप्रेमाला जमीन कसणाऱ्याच्या हिताचा आशय मिळाला, हे या अधिवेशनाचे खरे महत्त्व होय. छोडो भारत आंदोलनात ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे मिरवणुकीवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सहकारी मृत्यू पावले. परस्परांशी रक्ताचे वा जातीचे नाते नसलेल्या माणसांसाठी माणूस असा त्याग करू शकतो, हेच देशभक्तीचे मोठे सामर्थ्य आहे. कर भरणे, सार्वजनिक मालमत्ता जपणे, दुष्काळात दूरच्या जिल्ह्यास मदत पाठविणे या शांततेच्या काळातील कर्तव्यांनाही हीच भावना आधार देते.

या भावनेतील धोकेही तितकेच खरे आहेत. पहिला धोका शत्रुकल्पनेचा. आपल्या देशावरील प्रेमाचे माप परक्याच्या द्वेषाने घेतले जाऊ लागले, की देशांतर्गत अल्पसंख्यही परके ठरू लागतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेने आपल्या जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक रहिवाशांना स्थानबद्ध केले. त्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. या अन्यायाबद्दल शासनाने १९८८ मध्ये कायद्याने क्षमायाचना केली व हयात व्यक्तींना भरपाई दिली. भारतातही १९६२ च्या चीन युद्धानंतर चिनी वंशाच्या अनेक रहिवाशांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले होते.

दुसरा धोका मक्तेदारीचा. देशाचे हित आपल्यालाच उमगले आहे असे मानणारा गट मतभेदास देशद्रोह ठरवितो. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या करणाऱ्या नथुराम गोडसे याने आपल्या कृत्याचे समर्थन देशहिताच्याच नावे केले. हत्येनंतर महाराष्ट्रात निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली, तीही गांधींवरील प्रेमाच्या नावे. एकाच घटनेच्या या दोन बाजू देशभक्तीच्या विकृतीचे स्वरूप स्पष्ट करतात.

तिसरा धोका विस्मरणाचा. बाह्य शत्रूविरुद्धच्या एकजुटीत अंतर्गत अन्याय झाकला जातो. ज्या खानदेशात खाज्या नाईक व भिल्लांनी १८५७ च्या उठावात इंग्रजांशी झुंज दिली, तेथेच आदिवासींना आपल्या गेलेल्या जमिनींसाठी स्वातंत्र्यानंतर पाव शतकाने, १९७० नंतरच्या काळात, शहादे भागात आंदोलन उभारावे लागले.

या धोक्यांवर उपाय म्हणून देशभक्ती त्याज्य ठरविणारा एक विचार आहे. रवींद्रनाथ टागोरांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत राष्ट्रवादाच्या यांत्रिक व आक्रमक रूपावर कठोर टीका केली. गांधींना मात्र देशप्रेम आणि मानवप्रेम यांत विरोध दिसत नव्हता. साने गुरुजींचे (१८९९–१९५०) कार्य या दुसऱ्या परंपरेतील आहे. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या गुरुजींनी फैजपूर अधिवेशनासाठी खेडोपाडी प्रचार केला आणि स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. स्वातंत्र्य दृष्टिपथात असताना, मे १९४७ मध्ये, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. स्वजनांच्या दोषाविरुद्ध उभे राहणे हेही देशभक्तीचे अंग आहे, हा त्याचा अर्थ होता. विविध प्रांतांनी परस्परांच्या भाषा व संस्कृती जाणून घ्याव्यात, या हेतूने त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली.

आधुनिक लोकशाही राज्यांत देशभक्तीचा आधार वंश वा धर्म नसून संविधानातील मूल्ये असावीत, हा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत विशेषत्वाने मांडला गेला. भारतीय संविधानात ४२ व्या दुरुस्तीने (१९७६) समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांच्या आदराबरोबरच बंधुभाव आणि चिकित्सक वृत्ती यांचाही उल्लेख आहे. धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गाणाऱ्या, पण त्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या केरळमधील तीन मुलांना शाळेतून काढून टाकणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिला. आदर आणि सक्ती यांतील सीमारेषा या निर्णयाने स्पष्ट केली.

पाचोरा, अमळनेर वा नंदुरबार येथील शाळांत १५ ऑगस्ट व २६ जानेवारीस होणारे ध्वजवंदन हा देशभक्तीचा दृश्य संस्कार आहे. त्याचे मोल मात्र उरलेल्या दिवसांच्या आचरणावरच अवलंबून राहते. आपल्या देशाने अन्याय केला असता ज्यास लाज वाटते, त्याचाच देशाभिमान सहसा इतरांस घातक ठरत नाही.