पाण्यातली पाऊलवाट

सप्टेंबर 1921. विलायतेहून परतणारी 'नारकुंडा' बोट मुंबई बंदराला लागली, तेव्हा प्रा. चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्यापाशी 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकासाठी एक टिपण तयार होते. समुद्राची निळाई म्हणजे नुसते आभाळाचे प्रतिबिंब नव्हे. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रकाशाच्या याच विखुरण्यातून आता समुद्रावरचे एक निराळे कोडे सोडविले जात आहे. पुढे गेलेल्या बोटीची वाट शोधायची कशी?

बोटीचा पंखा पाणी घुसळतो, पुढचे टोक लाटा फोडते आणि हवा पाण्यात कोंडली जाते. सोड्याची बाटली उघडून पाहा: मोठे बुडबुडे झपाट्याने वर येतात, बारीक मात्र रेंगाळतात. समुद्रातही तसेच. मिलिमीटरच्या 20 व्या भागाएवढा बुडबुडा 1 मीटर वर यायला 10-12 मिनिटे घेतो. तेवढ्यात बोट दोन-तीन मैल पुढे जाते. वरचा फेस विरतो, पण खाली वाट शिल्लक राहते.

घरातल्या कवडशात धुळीचे कण कसे झळकतात, आठवते ना? येथे कवडसा लेसरचा. थिओडोर मेमन यांनी 1960 साली पहिला लेसर प्रत्यक्षात आणला. तांबडा प्रकाश पाण्यात लवकर शोषला जातो, म्हणून हिरवा घेतात. बुडबुड्यांवर आदळून त्यातला थोडा माघारी येतो. परतीला किती वेळ लागला यावरून बुडबुड्यांची खोली कळते.

हा नुसता शास्त्रीय खेळ नव्हे. बोटीची अशी वाट ध्वनिलहरींनी हुंगत जाणारे पाणतीर सोव्हिएत नौदलाने 1960 च्या दशकातच तयार केले होते. इंजिनाचा आवाज दाबता येतो, फसवा आवाज करणारे यंत्र मागे सोडता येते. पण वाट पुसायची कशी? लेसरमुळे आता या शोधाला प्रकाशाचीही जोड मिळाली आहे.

अर्थात समुद्र सहजासहजी दाद देत नाही. वाऱ्याने फुटलेल्या लाटाही बुडबुडे करतात. गाळ आणि सूक्ष्म जीवही प्रकाश विखुरतात. त्या गर्दीतून बोटीचा पट्टा निवडून काढणे, हीच खरी कसोटी.

रामन यांना समुद्राच्या निळाईचे कुतूहल होते. आज त्याच विखुरलेल्या प्रकाशावर एखाद्या युद्धनौकेवरील शेकडो खलाशांचे प्राण अवलंबून राहू शकतात.