मूलच्या पुढची खरखर

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी चंद्रपूरहून गडचिरोलीला निघालो होतो. गाडी भाड्याची, चालवणारा पोरगा पंचविशीतला. सकाळची वेळ होती, म्हणून त्याला म्हटलं, "बाबू, जरा एकशेतीन लाव."

"ते काय असते काका?"

"आकाशवाणी, चंद्रपूर."

त्यानं लावलं. शेतीवरचं बोलणं संपून गाणं सुरू झालं होतं. केळझरच्या जंगलात आवाज दबका झाला, मग पुन्हा मोकळा झाला. मूल गाव ओलांडलं आणि गायिकेच्या आवाजात खरखर मिसळू लागली. सावलीच्या अलीकडे तर नुसती खरखरच उरली. पोरानं माझ्याकडे न बघता पेनड्राइव्ह खोचला. एकदम धडाड्‌ धडाड्‌ करत नाचाचं गाणं सुरू झालं. वैनगंगेच्या पुलावरून आम्ही त्याच ठेक्यात गेलो.

हा कुणाचा दोष नव्हे. एफएमच्या लाटेचा तो स्वभावच आहे. पण त्या खरखरीनं माझ्या मनात चाळीस वर्षांपूर्वीचा एक हिशेब उघडला. तो मी बँकेत असताना चुकवलेला हिशेब आहे.

आमचं लहानपण ब्रह्मपुरीचं. घरात मर्फीचा रेडिओ, त्यावर आईनं विणलेलं झाकण, आणि त्याला हात लावायचा अधिकार फक्त वडिलांचा. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झालं, म्हणजे माझ्यापेक्षा ते अकरा वर्षांनी मोठं. बातम्या, कीर्तन आणि शेतकऱ्यांचे कार्यक्रम आम्ही त्याच्यावरच ऐकले. गाण्यांसाठी मात्र काटा सरकायचा तो सिलोनकडे. त्याचं कारण मोठा झाल्यावर कळलं. १९५२ साली केंद्रात नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त होते. सिनेमाची उडती, नाचरी गाणी देशाची अभिरुची बिघडवतात असं त्यांचं मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. हेतू चांगला असेल, पण श्रोता काही शास्त्रीय संगीताकडे वळला नाही. तो समुद्रापलीकडे गेला. त्याच १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावे लिहिली गेली. कोलंबो ते ब्रह्मपुरी हे अंतर दीड हजार किलोमीटरचं! तरी लघुलहरींवरून ती गाणी आमच्या ओसरीवर येत. लाटेगणिक जवळ यायची, दूर जायची.

आकाशवाणीनं ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती काढली, ती याच गळतीवरचा उपाय म्हणून. पुढे १ नोव्हेंबर १९६७ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्याही पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. आपल्या नागपूरचं नाव मुंबईच्या जोडीला आल्याचं वडिलांना भारी कौतुक वाटलं होतं. मला एवढंच आठवतं की, गाण्यांच्या मध्ये साबण आणि डोकेदुखीची गोळी आली.

सांगायचा मुद्दा हा, की रेडिओनं काय वाजवावं हा वाद काही आजच्या एफएमच्या काळातला नाही. लोकांना ठेका हवा असतो आणि मोठ्यांना वळण लावायचं असतं. या ओढाताणीत एक तिसरा प्रश्न कायम मागे राहिला. ज्याच्यासाठी हे चाललंय, तो माणूस कुठे राहतो आणि तो कोणत्या भाषेत नाचतो?

हा प्रश्न मला भेटला तो आलापल्लीत. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ला. त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे १९८६ साली, आमच्या बँकेनं मला तिकडच्या शाखेत पाठवलं. वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं, आणि सोबतीला एक ट्रान्झिस्टर. संध्याकाळी सातनंतर गाव सामसूम. सागवानाच्या झाडांमागे अंधार उभा राही. मग मी खाटेवर पडून काटा फिरवी. ५८५ किलोहर्ट्झवर नागपूर लागे. थोडं इकडेतिकडे केलं की तेलुगू लागे, आणि कधी जगदलपूर. रात्र चढत जाई तशी भलतीच दूरची केंद्रं कानाशी येत.

हे कसं होतं ते शाखेच्या हिशेबनिसानं मला समजावलं होतं. त्याला रेडिओ खोलून पुन्हा जोडायचा नाद होता. नागपूरची ती मध्यम लहर पाचशे मीटरांहून लांब असते. एवढी लांब लाट जमिनीला धरून चालते, आडवी टेकडी आली तरी बऱ्यापैकी वळसा घालून पुढे जाते. रात्री तर आकाशातल्या विद्युतभारित थरांवर आपटून ती खाली परतते, म्हणून शेकडो कोसांवर ऐकू येते. उलट एफएमची लाट. चंद्रपूरच्या १०३ मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम तीन मीटर. ती सरळ रेषेत जाते. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्याचं रेडिओचं क्षितिज साधारण चाळीस किलोमीटरवर संपतं. पुढे पृथ्वीची गोलाई, मध्ये डोंगर, दाट रान. जिथवर जाते तिथवर आवाज काचेसारखा स्वच्छ असतो, वीज कडाडली तरी तडतड नाही. पण जिथं संपते तिथं संपतेच. मध्यम लहर म्हणजे बैलगाडीसारखी, आवाज करत, अडखळत, पण रानवाटेनंही जाणारी. एफएम मोटारीसारखी. तिला डांबरी सडक लागते.

त्या वर्षी उन्हाळ्यात एक तरुण शाखेत आला. माडिया गोंड, विशीचा, अंगात पांढरा सदरा, आणि सोबत गावचा कोतवाल. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जं जोरात होती. लक्ष्यांक वरून यायचा, लाभार्थींची यादी पंचायत समितीतून यायची आणि आम्ही रकाने भरायचे. शेळ्या, म्हैस, बैलगाडी, शिलाई यंत्र, किराणा. मी विचारलं, "किती शेळ्या?"

तो म्हणाला, "बकऱ्या नको जी साहेब. बकऱ्या घरी हायेत. भोंगा पाहिजे. भोंगा अन् टेप."

त्याचा हिशेब पक्का होता. लग्नसराईत आसपासच्या गावांना भोंगा अहेरीहून भाड्यानं आणावा लागे. तो त्यानं ठेवला तर भाडं त्याला मिळेल. शिवाय टेपवर तो आपल्या गावचा रेला भरून घेणार होता. बाहेरून येणारी कॅसेट हिंदी असे, नाही तर तेलुगू. "आमचे मानसं त्याच्यावर नाचतेत, पन बोल समजत नाई जी," असं तो म्हणाला.

रेला ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हातात हात गुंफून पोरंपोरी अर्धवर्तुळ करतात. एक बाजू गाते, दुसरी उत्तर देते. पाय एकाच तालात पुढे-मागे पडत राहतात. गाणं किती वेळाचं, असं विचारायची सोय नाही. रात्र संपेपर्यंत चालतं. जुन्या तबकडीवर साडेतीन मिनिटं मावत, त्यावरून सिनेमाच्या गाण्याचं माप ठरलं, आणि रेडिओनंही आपले पाच, दहा, पंधरा मिनिटांचे कप्पे पाडले. रात्रभराचा रेला त्यात कोंबायचा म्हणजे वैनगंगा लोट्यात भरण्यासारखंच.

मी त्याला नाही म्हणालो. भोंगा हा प्रकार आमच्या यादीत नव्हता. 'अनुत्पादक' असा शेरा मारला आणि त्याला दहा शेळ्या आणि एक बोकड असं युनिट मंजूर केलं. त्यानं अंगठा दिला नाही, गोंडलेल्या अक्षरांत सही केली, हे मला अजून आठवतं. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या बहुतेक शेळ्या रोगानं गेल्या. हप्ते थकले. वसुलीच्या यादीवर त्याचं नाव माझ्याच हातानं लिहिलं गेलं. वर्षभरात माझी बदली झाली.

दरम्यान रेडिओचं धोरण बदललं होतं. मोठ्या केंद्रांचा आवाज लांब जातो, पण त्यात आपल्या तालुक्याचं काही नसतं, म्हणून आकाशवाणीनं जिल्ह्यांसाठी छोटी स्थानिक केंद्रं काढायला घेतली. पहिलं निघालं तमिळनाडूत नागरकोविलला, १९८४ साली. त्याच मालिकेत पुढे चंद्रपूरला केंद्र आलं. आपल्या बोलीचा हेल रेडिओवर ऐकू येऊ लागला, ही मोठीच गोष्ट होती. पण जवळिकीबरोबर पल्लाही जवळचाच आला. आपलेपणा वाढला आणि लाट तीन मीटरची झाली. पुढे २००५च्या धोरणानंतर नागपुरात खासगी एफएम आलं. तिथं सकाळपासून रात्रीपर्यंत नवी नाचाची गाणी आणि घाईघाईत बोलणारी गोड पोरं. आमच्या ब्रह्मपुरीच्या ओसरीला त्याचा उपयोग नव्हता. आणि ज्या मध्यम लहरींवर रानातली गावं विसंबून होती, ती जुनी प्रक्षेपकं देशात ठिकठिकाणी बंद होत गेली. रात्री देशभर ऐकू जावी म्हणून नागपूरजवळ एक हजार किलोवॉटचं प्रक्षेपक बसवून १९८८मध्ये सुरू केलेली राष्ट्रीय वाहिनीही जानेवारी २०१९मध्ये थांबली.

२०१२ साली एका कामासाठी अहेरीला गेलो होतो. बाजारात मोबाइलच्या दुकानासमोर पोरांची गर्दी. आतून एक पिकल्या केसांचा माणूस उठून बाहेर आला.

"वळखलं का जी? बकऱ्यावाले साहेब ना तुम्ही?"

मी वरमलोच. तोच होता. दुकान पुतण्याचं, आणि हा सोबतीला बसे. पुतण्या मेमरी कार्डात गाणी भरून देई. कार्डामागे दहा-वीस रुपये. संगणकात कप्पे केलेले होते, हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी, मराठी, आणि शेवटी 'गोंडी डीजे'. तो कप्पा त्यानं मला मुद्दाम उघडून दाखवायला लावला. गावातल्या रात्री त्यानं मोबाइलवर भरून आणल्या होत्या आणि पुतण्यानं खाली ढोलाच्या जागी यंत्राचा ठेका टाकला होता. माझ्या कानाला ते धडधडणं सोसलं नाही. खरं सांगायचं तर केसकर जागे झाले माझ्यात. पण बाहेर उभी असलेली पोरं नेमकी तीच गाणी मागत होती, पैसे मोजून मागत होती.

"रेडिओ आमच्या गावात लागतच नव्हता जी," तो म्हणाला. "हे लागते."

२०११च्या जनगणनेत गोंडी आपली मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख लोक होते. एवढ्या लोकांची भाषा, पण आठव्या अनुसूचीत नाही. २०१०मध्ये पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांनी मध्य भारतात 'सीजीनेट स्वरा' सुरू केलं. साध्या फोनवरून आपल्या भाषेत बोलायचं, गायचं, आणि दुसऱ्यांचं ऐकायचं. मनोरा नाही, लाटेची लांबी नाही. अहेरीच्या दुकानातला तो संगणक आणि हा फोन यांनी एकच गोष्ट सिद्ध केली. रानातली माणसं मुकी नव्हती, त्यांचा आवाज घेऊन जाणारं काही नव्हतं.

आता पुन्हा हालचाल आहे. २८ एप्रिल २०२३ला देशातल्या ८४ जिल्ह्यांत शंभर वॉटची ९१ एफएम प्रक्षेपकं एकाच दिवशी सुरू झाली, आकांक्षित आणि सीमेवरच्या जिल्ह्यांवर भर देऊन. चांगलंच झालं. पण अशी प्रक्षेपकं दुसरीकडचा कार्यक्रम पुढे पाठवतात. ती बोलतात, ऐकत नाहीत. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रानं २३४ नव्या शहरांत ७३० खासगी वाहिन्यांना मंजुरी दिली, त्या यादीत चंद्रपूरचं नाव होतं. त्या येतील तेव्हा आमची नातवंडं खूश होतील. नाचाची गाणी वाजतील. वाजू द्यात, माझी तक्रार नाही. नाचणं हा काही रानाला शहरानं शिकवलेला प्रकार नाही.

मला फक्त एवढंच म्हणायचं आहे, की केंद्राचा पल्ला किलोमीटरांत मोजतात तो अर्धाच असतो. त्या गावाचा आवाज केंद्रात पोचला, तर उरलेला अर्धा पुरा होतो. चंद्रपुरात जो कुणी नवा मनोरा उभा करील त्यानं आठवड्यातली एक रात्र रेल्यासाठी मोकळी ठेवावी. पाच मिनिटांचा कप्पा नको, चांगली लांबलचक रात्र. आणि ते ध्वनिमुद्रण करायला गाडी घेऊन भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडे जावं. हा खर्च अनुत्पादक नाही. हे मी, एकेकाळी तोच शेरा मारलेला माणूस, सांगतो आहे.

लग्न आटोपून संध्याकाळी परत निघालो. पोराला म्हटलं, "तुझी गाणी ऐकली, आता एकशेतीन लावून ठेव, खरखर असली तरी." सावली गेली. मूलजवळ खरखरीतून हळूहळू आवाज वर आला. फर्माइशीचा कार्यक्रम चालू होता, कुणी मुलगी फोनवर गाणं सांगत होती. निवेदिकेनं विचारलं, "कोणत्या गावाहून बोलतेस?" तिनं नाव सांगितलं आणि नेमकं तेच खरखरीत बुडालं.

"कुठली होती काका?" पोरानं विचारलं.

"इकडचीच," मी म्हणालो, आणि आवाज थोडा वाढवला.